अप्पांच्या रोजनिशीतील चतुर्थी

व्याकरणाचा विषय निघाला की घरातील मंडळींस एकाएकी निरनिराळी कामे आठवू लागतात, हा अनुभव आम्हांस नवा नाही. आयुष्याचा मोठा भाग शाळेत संस्कृत शिकविण्यात गेल्यामुळे जांभई दाबणारी मुद्रा आम्ही दुरूनही ओळखतो. तेव्हा प्रस्तुत लेख लॅटिन भाषेतील एका कृदन्ताविषयी आहे असे आरंभीच कबूल करणे कितपत शहाणपणाचे, याची शंका वाटते. परंतु ज्या घरांत एके काळी एका पंक्तीस बसणारे दोन भाऊ पुढे बसेनासे झाले, त्या घरांतील वाचकांस हे कृदन्त अगदीच परके वाटणार नाही अशी उमेद धरून लिहितो.

गेल्या पावसाळ्यात माळा गळू लागला म्हणून वरच्या पेट्या खाली उतरविल्या. त्यांत आमच्या वडिलांच्या रोजनिशा निघाल्या. अप्पा पुण्यास वकिली करीत. ते १९७९ साली वारले. त्यांच्या रोजनिशा म्हणजे बव्हंशी हिशेबाच्याच वह्या. कोणत्या दिवशी कोणता पक्षकार आला, दूधवाल्याचे किती राहिले, कोणास ताप आला, यापलीकडे मनातील गोष्ट त्यांत सहसा उतरत नसे. १९५८ सालच्या वहीत आमच्या मुंजीचा खर्च दोन पाने भरून लिहिलेला आहे. आचारी, केळीची पाने, भटजींची दक्षिणा, कोणाचा काय आहेर, सारे बारीक अक्षरात. मुंजीच्या दुसऱ्या दिवशीच्या पानावर मात्र हिशेब संपल्यावर दोन बोटे जागा सोडून रोमन लिपीत चार शब्द आहेत. त्यांस नागरीचा वेष दिला तर ते असे वाचावे लागतील : 'मिही फ्रात्री इग्नोस्केन्दुम एस्त'.

अप्पांस लॅटिन येत असे हे आम्ही ऐकून होतो. मुंबईस कायद्याचा अभ्यास करताना रोमन कायद्याच्या निमित्ताने त्यांस ती गोडी लागली आणि एका ख्रिस्ती सहाध्यायाकडून त्यांनी ती भाषा पुढेही चालविली. रोजनिशीत तिचा उपयोग का केला हे सांगावयास नको. आमच्या त्या वेळच्या घरात चौदा माणसे होती आणि मेजावर पडलेली वही ही सर्वांच्या मालकीची समजली जाई.

'फ्रात्री' म्हणजे भाऊ हे कोणासही कळण्यासारखे आहे. आपला 'भ्रातृ' तो हाच. 'इग्नोस्केरे' म्हणजे क्षमा करणे. 'मिही' म्हणजे मला. तेव्हा वाक्य क्षमेचे आहे, ते अप्पा आणि त्यांचे थोरले बंधू तात्या या दोघांविषयी आहे, आणि क्षमा करावयाची आहे, इतके पहिल्या तासातच उलगडले. कोणी कोणास करावयाची, हे मात्र अजूनही उलगडलेले नाही.

या भांडणाचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. वाईस कृष्णेच्या घाटापासून जवळच आमचा वाडा होता. तात्या तेथे राहून शेतीवाडी पाहत. १९५७ साली वाटणी झाली. वाटणीपत्राचा मसुदा अप्पांनीच लिहिला, कारण घरात वकील असता बाहेरचा कशाला, असे तात्याच म्हणाले होते. त्या मसुद्यात विहीर पुढल्या चौकाबरोबर अप्पांच्या हिश्श्यास गेली आणि मागल्या चौकात राहणाऱ्या तात्यांस 'संमतीने' पाणी भरण्याची मुभा राहिली. जन्मभर ज्या विहिरीचे पाणी शेंदले, तिच्यासाठी धाकट्या भावाची संमती! तात्यांनी सही केली, परंतु त्यानंतर त्यांनी आमच्या घरचे पाणी घेतले नाही. आमच्या मुंजीस ते आले नाहीत. मातृभोजनाच्या वेळी अप्पा दोनदा दारापर्यंत जाऊन आल्याचे आम्हांस अंधुक आठवते. मांडलेला एक पाट शेवटपर्यंत रिकामाच राहिला. पुढे १९८४ साली तात्याही गेले. आमच्या बाजूस लहानपणापासून आम्ही ऐकले ते असे की तात्या हट्टी होते. त्यांच्या बाजूस काय ऐकविले जाई, ते आम्ही कधी विचारले नाही.

आता त्या चार शब्दांकडे वळू. अप्पांच्या पुस्तकांत केनेडीचा 'रिव्हाइज्ड लॅटिन प्रायमर' निघाला. १८८८ साली निघालेल्या या पुस्तकावर इंग्रजी शाळांच्या किती तरी पिढ्या पोसल्या. मुखपृष्ठावर नाव पित्याचे असले तरी पुस्तक सिद्ध केले ते त्यांच्या मॅरियन व ज्युलिया या दोन कन्यांनी, असे आता संशोधक मानतात. हे वाचून दाखविताच आमच्या सौ.नी, 'मग त्यात नवल ते काय?' एवढेच म्हणून पोळ्या लाटणे चालू ठेविले. आम्ही पंचाहत्तरीत ते पुस्तक उघडून बसलो, आणि खरे सांगावयाचे तर आरंभी आम्हांस आपल्याच आळीत आल्यासारखे वाटले.

लॅटिनमध्ये धातूस 'अन्द' किंवा 'एन्द' लावून पुढे लिंगाचे प्रत्यय जोडले की 'करावयाचा', 'करण्यास योग्य' अशा अर्थाचे विशेषण तयार होते. 'लिबेर लेगेन्दुस' म्हणजे वाचावयाचा ग्रंथ, 'एपिस्तुला लेगेन्दा' म्हणजे वाचावयाची चिठ्ठी, 'कार्मेन लेगेन्दुम' म्हणजे वाचावयाचे काव्य. संस्कृतातील पठितव्यः, पठितव्या, पठितव्यम् हे ज्यांनी घोकले आहे, त्यांस हे नवीन शिकावे लागत नाही. आणि ज्यांनी घोकले नाही तेही मराठीत ग्रंथ वाचावा, पोथी वाचावी, पुस्तक वाचावे असे बिनचूक बोलतात, कारण आपला 'आवा' त्या 'तव्या'चाच वंशज आहे. कर्ता सांगावयाचा असला तर लॅटिन भाषा तो चतुर्थीत घालते. 'मिही लिबेर लेगेन्दुस एस्त', म्हणजे 'मला ग्रंथ वाचावयाचा आहे'. त्यातील 'ला'देखील जसाच्या तसा! इंग्रजीतून लॅटिन शिकणाऱ्या मुलांस या 'ला'ने जेवढे रडविले असेल तेवढा तो आम्हांस सोपा गेला.

किंबहुना हे कृदन्त आपल्या घरात केव्हाच येऊन बसले आहे. सभेचा अजेंडा म्हणजे 'करावयाच्या गोष्टी'. मेमोरँडम म्हणजे 'लक्षात ठेवावयाचे'. प्रॉपगंडा हा शब्द १६२२ साली पोपने धर्मप्रसारासाठी स्थापिलेल्या मंडळाच्या नावातून निघाला; त्या नावात 'प्रसृत करावयाचा धर्म' होता, पुढे धर्म गळाला आणि नुसते 'प्रसृत करावयाचे' उरले. शेअर घेणारे ज्याची वर्षभर वाट पाहतात तो डिव्हिडंड म्हणजे 'वाटावयाचे'. वाटणीपत्रे लिहिणाऱ्या अप्पांस हा शेवटला शब्द पाहून काय वाटत असेल कोण जाणे. भूमितीचे प्रमेय संपले की ज्या तीन आद्याक्षरांनी आम्ही सुटकेचा निःश्वास टाकीत असू, त्या क्यू. ई. डी.तील शेवटचा शब्दही हाच : 'जे सिद्ध करावयाचे होते'.

हे सारे शब्द सकर्मक धातूंचे आहेत. जी वस्तू वाचावयाची किंवा वाटावयाची, तीच वाक्यात प्रथमेत येऊन बसते आणि कृदन्त तिचे लिंगवचन घेते. परंतु लॅटिनमध्ये काही धातू असे आहेत की त्यांचे कर्म आपल्या समजुतीप्रमाणे कर्म असूनही द्वितीयेत जात नाही, चतुर्थीतच राहते. आज्ञा पाळणे, विश्वास ठेवणे, इजा करणे, जीवदान देणे, मन वळविणे, मत्सर करणे, आणि क्षमा करणे, हे त्यांतले प्रमुख होत. ही यादी आम्ही मोठ्याने वाचीत होतो तेव्हा आमच्या धाकट्या सुनबाई म्हणाल्या, 'मामंजी, ही तर एकत्र कुटुंबाचीच क्रियापदे झाली.' आम्ही त्यांस कौतुकाने पाहिले, परंतु कौतुक दाखविले नाही.

ज्याचे कर्म चतुर्थीत आहे, ते प्रथमेत कधी येऊ शकत नाही. म्हणून या धातूंची वाक्ये कृदन्त लागले की बिनधन्याची होतात. कृदन्त नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते आणि माणूस आपल्या चतुर्थीत बसून राहतो. थोरल्या केटोचा कार्थेजविषयीचा आग्रह सर्वांस ठाऊक आहे. त्या प्रसिद्ध वाक्यात कार्थेज नगरी प्रथमेत आहे आणि 'देलेन्दा', म्हणजे 'नष्ट करावयाची', हे तिचे स्त्रीलिंगी विशेषण आहे. केटो इ. स. पू. १४९ मध्ये वारला आणि १४६ मध्ये नगरी खरोखरच नष्ट झाली. त्याला सिनेटात विरोध करणारा सिपिओ नासिका कार्थेज राहू द्यावी असे म्हणत असे. त्याला जर 'जीवदान देणे' या अर्थाचा 'पार्केरे' हा धातू वापरून केटोच्या तोडीचे वाक्य रचावयाचे असते, तर 'कार्थागिनी पार्केन्दुम एस्त' असे म्हणावे लागले असते. नगरी चतुर्थीत, कृदन्त नपुंसकलिंगी. आणि गंमत अशी की त्या वाक्याचा अर्थ 'कार्थेजला जीवदान द्यावे' असाही होतो आणि 'कार्थेजने जीवदान द्यावे' असाही होतो.

येथेच सारा घोळ आहे. कर्ताही चतुर्थीत आणि कर्मही चतुर्थीत. दोन माणसे एकाच विभक्तीचे धोतर नेसून दारात उभी, आणि त्यांतला यजमान कोण व पाहुणा कोण हे ओळखावयाचे! लॅटिनमध्ये शब्दांचा क्रम बराचसा मोकळा असल्यामुळे आधी आला तो कर्ता, असेही खात्रीने म्हणता येत नाही. मराठीत हाच अनुभव घ्यावयाचा असेल तर 'सासूला सुनेला काही सांगावयाचे आहे' हे वाक्य स्वयंपाकघराच्या दारातून आत टाकून पाहावे. बोलणार कोण आणि ऐकणार कोण, याचा निर्णय व्याकरण देत नाही. तो घराच्या चालीवर सोपवावा लागतो.

मराठीने यातून वाट काढली आहे. 'सासूने सुनेला सांगावे' असे म्हटले की संशय मिटला. रोमन लोकांनीही काढली होती. जेथे दोन चतुर्थ्यांनी संशय येण्याचा संभव, तेथे कर्त्याच्या मागे 'आ' किंवा 'आब्' हे अव्यय लावून त्यास पंचमीत घालावे. म्हणजे 'माझ्याकडून' असा अर्थ स्पष्ट होतो. इ. स. पू. ६६ मध्ये पाँपेस सेनापतिपद द्यावे म्हणून सिसेरोने भाषण केले, त्यात आशिया प्रांतात ज्यांची मालमत्ता धोक्यात आली आहे अशा नागरिकांचे हित तुम्ही पाहिले पाहिजे असे तो सभेस सांगतो. 'हित पाहणे' हा धातू चतुर्थी घेतो, नागरिक चतुर्थीत आहेत, म्हणून त्याने 'तुम्ही' या कर्त्यास 'आ' लावून वेगळे काढले. हितकर्ता कोण आणि हित कोणाचे याबद्दल वकिलाने संशय ठेविला नाही. जेथे अर्थ उघड आहे तेथे दोन चतुर्थ्या शेजारी ठेवण्यासही लेखक कचरत नसत, हेही खरे. पण अप्पांच्या वाक्यात अर्थ कोठे उघड आहे?

'आ मे फ्रात्री इग्नोस्केन्दुम एस्त' असे लिहिले असते तर 'मी भावाला क्षमा करावी' हा एकच अर्थ निघाला असता. 'मिही आ फ्रात्रे' असे लिहिले असते तर 'भावाने मला क्षमा करावी' हा एकच. अप्पांनी दोन्ही केले नाही. आम्हांस प्रथम वाटले, हौसेने शिकलेली भाषा, नियम ठाऊक नसेल. परंतु दुसऱ्या पेटीत त्यांची व्याकरणाची टिपणवही सापडली. तीत हा नियम त्यांनी आपल्या हाताने, उदाहरणासह, उतरून घेतला आहे आणि खाली दोन रेघा मारल्या आहेत. ज्या माणसाने 'संमतीने' या एका शब्दावर विहीर फिरविली, तो माणूस 'आ' विसरला असे मानण्यास आमचे मन तयार होईना.

त्यांनी हे वाक्य संस्कृतात लिहिले असते तर आमची पंचाईत झाली नसती. संस्कृतातही रागावणे, द्रोह करणे, मत्सर करणे या अर्थांचे धातू ज्याच्यावर राग त्यास चतुर्थीत घालतात. परंतु 'तव्या'च्या कर्त्यास पाणिनी तृतीया किंवा षष्ठी देतो, चतुर्थी देत नाही. 'मया भ्रात्रे न क्रोद्धव्यम्' यात रागवावयाचे नाही ते मी आणि ज्यावर नाही तो भाऊ, हे लहान मुलासही कळते. इतकेच नव्हे तर रागाच्या धातूमागे उपसर्ग लागला की पाणिनी त्या चतुर्थीची द्वितीया करतो. मग 'भ्राता न अभिक्रोद्धव्यः' असे म्हणता येते आणि भाऊ सरळ प्रथमेत येऊन बसतो. एका 'अभि'ने माणूस कोठल्या कोठे जातो! हा नियम आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला आणि पुसला. त्याचा स्वाद मात्र लॅटिनने दिला.

मराठीत लिहिले असते तर 'तात्यांनी' की 'तात्यांना' हे ठरवावेच लागले असते. शिवाय थोरल्या भावाचा आदर शब्दात उमटला असता. लॅटिनचा 'फ्रात्री' थोरला नाही, धाकटा नाही, त्यास अहोजाहो नाही. अप्पांस तेवढ्या एका ओळीपुरते धाकटेपण नको झाले असेल काय?

आणखी एक गोष्ट या शोधात हाती लागली. 'क्षमा करणे' या लॅटिन धातूचे कृदन्त माणसास विशेषण म्हणून लागत नाही, पण अपराधास लागू शकते, कारण क्षमा करण्याची वस्तू द्वितीयेत जाऊ शकते. व्हर्जिलने आपल्या शेतीवरील काव्याच्या चौथ्या सर्गात, मागे वळून पाहण्याची ऑर्फियसची भूल सांगताना, ती भूल क्षमेस पात्र होती अशा अर्थाने हेच कृदन्त स्त्रीलिंगी वापरले आहे. म्हणजे अप्पांस 'अपराध क्षन्तव्य आहे' असे लिहून मोकळे होता आले असते, आणि कोणाचा अपराध हा प्रश्न बाजूस राहिला असता. पण त्यांनी अपराधाचे नाव काढले नाही. दोन माणसेच लिहिली.

रात्री जेवणे झाल्यावर घरात या वाक्यावर चांगलाच वाद झाला. (मध्येच 'चतुर्थी, चतुर्थी' ऐकून सौ.नी, चंद्रोदय किती वाजता, म्हणून विचारले. तो भाग सोडून देतो.) आमच्या चिरंजीवांचे म्हणणे, तात्या मुंजीस आले नाहीत, दुसऱ्याच दिवशी हे लिहिले, तेव्हा 'मला भावाला क्षमा केली पाहिजे' हाच सरळ अर्थ. सुनबाई म्हणाल्या, विहिरीचे शल्य अप्पांनाच होते, नाही तर ते पुनःपुन्हा दारापर्यंत कशाला गेले असते? सौ. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'मामंजींना लिहावयाचे तर होते, पण स्वतःलासुद्धा सांगावयाचे नव्हते.' आम्हांस हे पटले की नाही ते सांगता येत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने तिघांचेही बरोबर होते, आणि शिक्षकास याहून अडचणीचा प्रसंग दुसरा नसतो.

तात्यांचे चिरंजीव, आमचे चुलतबंधू दादा, साताऱ्यास असतात. लग्नकार्यात भेट होते, प्रकृतीची चौकशी होते, पलीकडे काही नाही. ही ओळ त्यांस कळविली पाहिजे असे वाटले, कारण ती जितकी आमच्या वडिलांची तितकीच त्यांच्या. पत्र लिहावयास बसलो तेव्हा अडचण समोर आली : मराठी अर्थ कोणता द्यावयाचा? 'मला तात्यांना क्षमा करावयाची आहे' असा दोन 'ला'-'ना'चा तर्जुमा दिला तर तो शब्दास धरून होतो, पण मराठी वाचणारा पहिल्या 'मला'सच कर्ता समजणार. म्हणजे आम्ही गुपचूप आपल्या बाजूचा निकाल लावल्यासारखे होणार. दोन्ही अर्थ द्यावे तर आधी कोणता? पहिल्या पत्रात 'मी तात्यांना क्षमा करावी' हे आधी होते, ते फाडले. दुसऱ्यात क्रम बदलला, पण खाली नियमाचे इतके विवेचन झाले की ते पत्र न राहता पाठ झाला; तेही फाडले. तिसऱ्यात रोमन अक्षरांतील ओळ, तिची तारीख, त्याखाली 'तात्यांनी मला क्षमा करावी', त्याखाली 'मी तात्यांना क्षमा करावी', आणि 'दोन्ही अर्थ होतात' एवढे तीन शब्द लिहून पाकीट बंद केले. विहिरीचा उल्लेख केला नाही.

उत्तर येण्यास बरेच दिवस लागले. दादांचे अक्षर आता थरथरते. त्यांनी लिहिले आहे की त्या मुंजीच्या दिवशी तात्या पहाटेच्या एस. टी.ने वाईहून निघाले होते. पुण्यास उतरले, आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले, तेथे सनईचा आवाज ऐकत काही वेळ उभे राहिले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. घरी कोणी काही विचारले नाही. पिशवीत मुंजमुलासाठी घेतलेले चांदीचे पळी-पंचपात्र होते. ते तसेच कपाटात राहिले, आणि तात्यांच्या मागे दादांच्याकडे आले. येत्या वैशाखात आमच्या नातवाची मुंज आहे हे त्यांस कोणाकडून तरी कळले आहे. ते घेऊन येतो, आदल्या दिवशीच येतो, असे त्यांनी लिहिले आहे. लॅटिनविषयी मात्र पत्रात एक अक्षरही नाही.